पार्सलातले औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यातल्याच एकीने बोलायचे ही आपल्या मंडळाची रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण आज ज्या विषयावर बोलणार आहे तो मी पाच-सहा महिने विचारून, ऐकून वहीत टिपून ठेवला आहे. माझ्या पुतण्याने इंग्रजी मजकूर वाचून मला मराठीत अर्थ सांगितला आणि जिथे मला पटले नाही तिथे मी त्याला पुन्हा वाचायला लावले. बिचारा कंटाळला, पण काकूला नाही कसे म्हणणार!

विषय असा आहे की, अमेरिकेत टपालाने बेकायदा औषधे जातात, ती अडवण्यासाठी तिथली निरनिराळी सरकारी खाती एकत्र कशी आली, आणि त्यात आपले सरकारही कसे सामील झाले. तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या टपालाशी आम्हां बायकांचे काय देणेघेणे? तर आपल्या गल्लीतच मोजा. कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा टेक्सासला, कुणाची भाची शिकागोला. दिवाळी आली की डबे बांधले जातात, बाळंतपण आले की डिंक-अळीव निघतात. आणि त्या डब्यांच्या कोपऱ्यात आपण काय काय खुपसतो ते आपले आपल्यालाच ठाऊक.

आपल्याच एका सभासद बाईंची हकीकत सांगते. त्या समोर बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. लेकीला सातवा महिना लागला तेव्हा त्यांनी पार्सल केले. डिंक, सुंठ, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी, टोपडी. त्यात वैद्यांकडून आणलेल्या पुड्या, कागदात बांधलेल्या, वर नाव-गाव काही नाही. आणि जावयाला झोप येत नाही म्हणून त्याच्यासाठी झोपेच्या गोळ्यांची दोन पाकिटे. पार्सल बांधून देणाऱ्या माणसाने सांगितले, "काकू, फॉर्मवर कपडे आणि खाऊ एवढेच लिहा, नाहीतर उगाच अडकेल." त्यांनी तसे लिहिले. पार्सल अडकलेच. लेकीच्या पत्त्यावर सरकारी कागद आला की, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलात अमेरिकेत मान्यता नसलेली औषधे सापडली आहेत. पोटुशी मुलगी, परका देश, हातात सरकारी कागद! रात्री फोनवर रडली. दुपटी पुढे पोचली, पण तोवर बाळ दोन महिन्यांचे झाले होते. पुड्या आणि गोळ्या पोचल्याच नाहीत.

तेव्हा ह्या बाई मला म्हणाल्या, "मी काय गांजा पाठवला होता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मला जे कळले ते सांगते.

परदेशचे टपाल अमेरिकेत उतरते ते सरसकट कुठेही नाही. त्यासाठी न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, सान फ्रान्सिस्को, मायामी अशी मोठी तपासणी केंद्रे आहेत. २०१७ साली ती नऊ होती. विमानातून गोण्या उतरतात त्या तिथे येतात. तिथे एकाच छपराखाली तीन खात्यांची माणसे काम करतात. पहिले टपाल खाते: त्याचे काम गोणी पोचवण्याचे, आत काय आहे हे बघण्याचे नव्हे. दुसरे कस्टम, म्हणजे सरहद्दीवरची जकात पाहणारे: पार्सल उघडण्याचा अधिकार त्यांचा, त्यांच्याकडे आरपार दिसणारी यंत्रे आणि वास घेणारे कुत्रे असतात. तिसरे अन्न व औषध खाते: गोळी खरी की खोटी, त्या देशात चालते की नाही, हे ठरवणारे. शिवाय अमली पदार्थांचा छडा लावणारे पोलीस खाते वेगळेच.

आता गंमत पाहा. गंमत कसली, अनर्थच तो. ही सगळी खाती होती, पण एकाला माहीत असलेले दुसऱ्याला वेळेवर कळत नव्हते. खाजगी कुरियर कंपन्यांना २००२ सालच्या कायद्यामुळे पार्सल येण्याआधीच कळवावे लागे की पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय. सरकारी टपालाला तसे बंधन नव्हते. कारण ते दुसऱ्या देशाच्या टपाल खात्याकडून येते, आणि जगातली टपाल खाती एकमेकांचे टपाल पोचवण्यास १८७४ पासूनच्या कराराने बांधलेली आहेत. करार चांगलाच आहे, त्याच्याच जोरावर आपले पत्र कुठल्याही देशात जाते. पण चोराला नेमके हेच दार सापडले. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार उघडे अशी गत झाली.

२०१७ साली अमेरिकेत परदेशातून सुमारे ५० कोटी पार्सले टपालाने आली. त्यांतल्या शंभरातल्या छत्तीसांचीच माहिती आधी मिळाली होती, बाकीची आंधळी. बरे, ज्यांची माहिती मिळाली त्यांतले एखादे पार्सल संशयावरून कस्टमने मागितले, तर टपालवाल्यांनी ते हजारोंच्या गोण्यांतून शोधून द्यायचे. तेही पाचातले चारच सापडे. पाचवे गल्लीबोळांतून बिनबोभाट कुणाच्या तरी दारात.

त्यांच्या संसदेच्या एका समितीने ह्याची चौकशी केली आणि २०१८ च्या जानेवारीत अहवाल काढला. समितीच्या माणसांनी इंटरनेटवर फेंटानिल विकणाऱ्या सहा विक्रेत्यांशी गिऱ्हाईक म्हणून बोलणे लावले. सहाही जणांनी एकच सांगितले की, माल सरकारी टपालाने पाठवू, तोच मार्ग पक्का. त्या विक्रेत्यांकडून माल घेतलेल्यांपैकी सात माणसे दगावल्याचा माग समितीला लागला.

फेंटानिल म्हणजे काय, हे मला आधी माहीत नव्हते. ते खरे तर इस्पितळातले औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी, कर्करोगाच्या असह्य वेदनांत डॉक्टर देतात. पण त्याची ताकद मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, तेवढ्याने धडधाकट माणूस श्वास थांबून मरू शकतो. तुम्ही-आम्ही भाजीवर मीठ भुरभुरतो त्या चिमटीत किती जीव बसतील ह्याचा हिशेब करून पाहा. आणि असली भुकटी साध्या पाकिटात मावते. पोते लागत नाही, होडी लागत नाही, एक तिकीट पुरते. अमेरिकेत २०१७ ह्या एका वर्षात नशेच्या व वेदनाशामक द्रव्यांचा डोस जास्त होऊन ७०,२३७ माणसे मेली. सगळी टपालातल्या मालाने नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. पण टपाल ही एक मोठी वाट होती. प्रत्येक मेलेल्याची कुणीतरी आई असणार. त्यांतल्या पुष्कळ आयांना तोवर त्या औषधाचे नावही माहीत नसेल.

त्यांच्या अन्न व औषध खात्याची स्थिती तर आणखी बिकट. तपासणी केंद्रांवर त्या खात्याची माणसे मोजून आठ! ती वर्षाला सुमारे दहा हजार पार्सले पाहत. ज्या पार्सलांत बेकायदा औषध असावे असा अंदाज होता त्यांपैकी दहा हजारांत सहासुद्धा उघडून पाहणे त्यांना जमत नव्हते. २०१७ साली माणसे वाढवून बावीस करायचे ठरले, म्हणजे वर्षाला चाळीस हजारांपर्यंत पाहता येतील असा हिशेब. घरात पाहुणे पन्नास आणि पोळ्या लाटायला एक सून, अशातला प्रकार. दुसरी सून आली तरी चूल दोन दिवस पेटतीच.

शिवाय सापडलेल्या औषधाचे करायचे काय? पूर्वी ते पाठवणाऱ्याला परत जाई. म्हणजे चोराचा माल चोराच्या घरी पोचता, तोही सरकारी खर्चाने! तेच पार्सल पुन्हा वाटेला लागे. हा वेडेपणा २०१२ च्या कायद्याने मोडला आणि २०१५ मध्ये नियम लागू झाला: अडीच हजार डॉलरपर्यंत किंमतीचे नामंजूर औषध आता तिथल्या तिथे नष्ट करता येते. आपल्या त्या सभासद बाईंच्या पुड्यांचे तेच झाले असणार.

मग २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांनी खास टपालासाठी कायदा केला. त्याप्रमाणे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत शंभरातल्या सत्तर पार्सलांची, आणि चीनमधून येणाऱ्या सगळ्यांची, माहिती विमान उतरण्याआधी मिळाली पाहिजे. २०२० च्या अखेरीपर्यंत सगळ्या देशांच्या सगळ्या पार्सलांची. आपण टपाल कचेरीत फॉर्म भरून देतो आणि खिडकीतला कारकून त्यातले शब्द न् शब्द संगणकात घालतो, मागे रांग खोळंबते, आपण चडफडतो; ते ह्याचसाठी. पार्सल इथून हलते त्याआधी त्याची कुंडली तिथे गेलेली असते. २०१९ च्या एप्रिलात कस्टम आणि औषध खाते ह्या दोघांनी आपापसांत लेखी ठरवून घेतले की केंद्रांवर एकमेकांची माहिती, यंत्रे, माणसे जुळवून वापरायची. मला ह्याचे नवल वाटले. एका सरकारची दोन खाती, एका छपराखाली बसणारी, त्यांनाही कागद करून सांगावे लागते की एकमेकांशी बोला! पण मग आठवले, आपल्या मंडळातही हळदीकुंकवाची समिती आणि सहलीची समिती एकाच दिवशी सभागृह मागतात.

चीननेही २०१९ च्या मे महिन्यापासून फेंटानिलच्या सगळ्या जातकुळीवर बंदी घातली. त्यानंतर तिथून तयार भुकटी थेट टपालाने येणे पुष्कळ कमी झाले. रोग मात्र गेला नाही. कच्चा माल मेक्सिकोला जाऊ लागला आणि तिथून तयार विष जमिनीवरून सरहद्द ओलांडू लागले. पाणी अडवले की दुसरी वाट काढते. तरी टपालाचे दार उघडे ठेवा असे कुणी म्हणणार नाही.

आता आपल्या देशाकडे येते. इथे मान वर करून आणि मान खाली घालून, दोन्ही प्रकारे बोलावे लागते. भारतात औषधे स्वस्त बनतात आणि चांगलीही बनतात. आपल्या कारखान्यांच्या औषधांवर जगातले लक्षावधी रोगी जगतात. अमेरिकेत तीच औषधे इतकी महाग की तिथली म्हातारी माणसे इंटरनेटवरून परदेशी औषध मागवतात. त्यांना मी चोर म्हणणार नाही. दोष त्यांचा कमी आणि किंमतींचा जास्त, असे माझे मत आहे. पण त्यांच्या ह्या अडचणीवर टपलेली माणसे आहेत. दुकानाचा परवाना नाही, डॉक्टरची चिठ्ठी मागत नाहीत, नुसते एक चकचकीत पान उघडून बसतात आणि गोळ्या पाठवतात. खऱ्या, खोट्या, मुदत संपलेल्या, कशाही. त्यांत आपल्या देशातून जाणारा मालही होता आणि तो कुठून आला हे लपवायला तिसऱ्याच देशातून फिरवून पाठवला जाई.

म्हणून २०२० च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध खात्याने आणि भारत सरकारने मिळून एक मोहीम केली. दोन देशांनी अशा तऱ्हेने बरोबर केलेली ही पहिलीच. तिला नाव दिले होते 'ऑपरेशन ब्रॉडस्वर्ड', म्हणजे रुंद पात्याची तलवार. एका टपाल केंद्रावर आठशेहून अधिक पार्सले उघडून पाहिली आणि सुमारे पाचशे अडवली. त्यांत पन्नासहून अधिक तऱ्हेची औषधे निघाली. गुंगीची, वेदनाशामक तर होतीच. पण कर्करोगाची आणि एड्सच्या विषाणूवरचीही होती. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नशेबाज निदान जाणून घेतो. पण कर्करोगाचा रोगी डॉक्टरला न विचारता टपालाने आलेली गोळी श्रद्धेने घेतो, आणि ती नुसत्या खडूची निघाली तर? त्याचे दिवस कोण परत देणार?

आपल्या सरकारनेही घरी काही केले आहे. ट्रॅमाडॉल नावाची वेदनाशामक गोळी इथून फार बाहेर जात होती. २०१८ च्या एप्रिलात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. माल जिथून निघतो तिथेच पकडला तर पुढे पाचशे पार्सले उघडावी लागत नाहीत. तिथले कस्टम फक्त पाकीट पकडू शकते. पाठवणारा माणूस पकडायचा तर इथल्याच पोलिसाला त्याचे दार ठोठवावे लागते. दोन सरकारांनी एकमेकांशी बोलण्याची गरज आहे ती इथे.

आता आपल्या सभासद बाईंचा प्रश्न. "मी काय गांजा पाठवला होता?" नाही पाठवला. पण आठशे पार्सले पुढ्यात घेऊन बसलेल्या त्या कस्टमच्या माणसाला आईची माया यंत्रातून दिसत नाही. त्याला दिसते एवढेच: फॉर्मवर 'कपडे व खाऊ', आत बिननावाची पांढरी-तपकिरी पूड आणि झोपेच्या गोळ्या. चोराचे पार्सलही हुबेहूब असेच असते. चोरही 'कपडे व खाऊ' असेच लिहितो. फॉर्मवर खरे लिहिले नाही की त्या दोन पार्सलांतला फरकच पुसला जातो. आणि फॉर्मवर सही आपली असते, बांधून देणाऱ्या माणसाची नव्हे.

वैद्यांच्या पुड्यांविषयी थोडे बोलले पाहिजे. कुणी रागावू नका. आयुर्वेदावर माझीही श्रद्धा आहे आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी काढेच घेतले. पण २००३ साली अमेरिकेत बॉस्टन शहराच्या आसपास आपल्या लोकांच्या वाणसामानाच्या दुकानांतून सत्तर आयुर्वेदिक औषधे विकत घेऊन तपासली गेली. त्यांतल्या चौदांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. पाचात एक. शिसे आईच्या रक्तातून पोटातल्या बाळापर्यंत पोचते आणि बाळाच्या मेंदूला अपाय करते. पुडीवर नाव नाही, कारखाना नाही, घटक लिहिलेले नाहीत, म्हणजे आत काय आहे हे आपल्यालाही माहीत नसते. त्या खात्याने पुड्या अडवल्या ह्यात लेकीचे नुकसान झाले की राखण झाली, हे मी त्या बाईंवरच सोडते. त्या माझ्याकडे बघून हसत आहेत म्हणजे राग गेला असावा.

झोपेच्या गोळ्यांचे मात्र सरळ आहे. सवय लावणारी गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुसऱ्याला देणे इथेही चूक आणि तिथे तर गुन्हा. जावयाची झोप जावयाने तिथल्या डॉक्टरला दाखवावी.

मग करायचे काय, असे मला पुष्कळ जणींनी विचारले. माझे म्हणणे, टपालाने औषध पाठवूच नये. दुपटी पाठवा, टोपडी पाठवा, आणि खाण्याचे जिन्नस कोणते चालतात ते आधी टपाल कचेरीत विचारा. आपण स्वतः लेकीच्या बाळंतपणाला जातो तेव्हा आपली रक्तदाबाची, साखरेची औषधे बरोबर न्यावीत. नव्वद दिवसांना पुरतील एवढीच, मूळ पाकिटांतून, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. आपण बायका गोळ्या काढून जुन्या डबीत भरतो, जागा वाचते म्हणून. ते प्रवासात करू नये. डबीतल्या गोळीला नाव नसते. मुक्काम वाढला आणि मागून औषध मागवायची वेळ आलीच, तर डॉक्टरचे पत्र, चिठ्ठी, पासपोर्ट आणि व्हिसाची नक्कल पार्सलाबरोबर लागते.

तिकडून इकडे औषध मागवणाऱ्याही आहेत. मुलगा पाठवतो अमक्या शक्तीच्या गोळ्या. आपल्याकडेही टपालाने येणाऱ्या परदेशी औषधाला, अगदी स्वतःच्या वापरासाठी असले तरी, औषध खात्याचा परवाना काढावा लागतो. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश टपाल कचेरीत कस्टमची माणसे बसलेली असतात ती काही शोभेला नव्हेत.

आणखी एक. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने लहान पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सले काही आठवडे बंदच ठेवावी लागली. ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी कित्येकींचे दिवाळीचे डबे घरातच राहिले. लहान पार्सलांतून विष येते हे एक कारण तेव्हा दिले गेले. त्यात विषाची भीती किती आणि जकातीचा पैसा किती, हे मला सातवीवालीला सांगता येणार नाही, पण शंका आहे. एवढे खरे की चोरांनी टपालाची वाट बिघडवली नसती तर हे कारण पुढे करता आले नसते, आणि चकलीच्या डब्यावर एवढी नजर पडली नसती.

माझा वेळ संपत आला, चिटणीसबाई घड्याळ दाखवताहेत. टपाल कचेरीतून परदेशी पार्सलाच्या फॉर्मचे कोरे नमुने मागून आणले आहेत. तीर्थप्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. जाताना एकेक घ्या आणि घरी चष्मा लावून वाचा, कारण अक्षर फार बारीक आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे. पुतण्याला बोलावले आहे.